देवमणावरचा छेद

या मातीचा इतिहास घोड्याच्या पाठीवर बसून आला. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कोणत्याही चौकात उभं राहून हे वाक्य म्हणावं, चार माणसं लगेच माना डोलावतात. खात्याच्या नोकरीत असताना निदान सहा स्वागतपर भाषणांत मी ते लिहून दिलं आहे. त्या घोड्याची मान बिघडली आणि मागचे पाय दारुड्यासारखे झोकांड्या खायला लागले, तर काय करायचं, याबद्दल मात्र इतिहासात काही सापडत नाही. आमच्या खात्याच्या परिपत्रकांतही नव्हतं. ते एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि त्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून मेंढ्यांकडे पाठवलं.

मी सांगलीच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात साहाय्यक म्हणून रुजू झालो तेव्हा साहेब तिथे मुख्य डॉक्टर होते. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो, तर इतरांच्या खोलीत जिथे कॅलेंडर असतं तिथल्या खिळ्याला सुतळीत ओवलेली हाडं टांगलेली. घोड्याच्या मानेचे मणके.

"मोज," साहेब म्हणाले. नाव-गाव विचारलं नाही.

"सात."

"उंदराला किती?"

"सात."

"जिराफाला?"

"सातच."

"आन उपसंचालकाला?"

मी पुन्हा मणके मोजायला लागलो. नोकरीचा पहिलाच दिवस होता.

"त्याला बी सातच हायती," साहेब म्हणाले. "पर त्याची मान निसती वरच्या बाजूला वाकती."

ते रहिमतपूरकडचे. बोलणं अस्सल तिकडचं, पण त्यातही त्यांची स्वतःची एक उलटी रीत होती. जनावरांशी ते अहो-जाहो करत आणि माणसांशी अरे-तुरे. तपासणीला आलेल्या उपसंचालकांना दारातच "काय रं, कवा आलास?" म्हणत, आणि तेवढ्यात समोरच्या टांग्याच्या घोडीला, "आवं बाई, जरा मान हिकडं घ्या, उपकार हुतील." उपसंचालक घोडीकडे असे बघत, जणू त्यांच्या जागेवर तिची बढती झाली होती.

साहेब काही संत नव्हते. बाहेर म्हशी घेऊन लोक दोन दोन तास ताटकळत आणि आत हे एखाद्या टांग्याच्या घोड्याची मान चाचपत उभे. एकदा एक गवळी ओरडला, "आवं, माजी म्हस दूध देती, त्ये घोडं काय देतंय?" साहेब आतूनच म्हणाले, "त्ये मला इज्जत देतंय. तुजी म्हस शेण देती." गवळ्याने तक्रार लिहिली. त्याचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्या दिवशी त्या म्हशीला ताप होता.

पण वर्षा-दीड वर्षाचं शिंगरू हेलकावे खात आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. हा रोग वाढत्या वयातल्या शिंगरांचा. चांगलं उमदं, उंच, झपाट्याने वाढणारं शिंगरू. एक दिवस मागचे पाय कुठे पडतात हेच त्याला कळेनासं होतं. वळायला गेलं की पायांत पाय अडकतो, उतारावर बसतं. आपल्याकडे त्याला 'कंबरेत वारं शिरलं' म्हणत आणि लोखंड लाल करून कंबरेवर डाग देत. असं डागलेलं शिंगरू आलं की साहेब मालकाला सगळ्यांसमोर विचारत, "तुजं डोकं दुकतंय तवा तू टाचंला बाम लावतोस काय रं?"

मग त्याला अंगणातल्या नळाशी नेत. बागेला पाणी घालायची रबरी नळी असे. नळ सोडत, नळीवर स्वतःचा बूट दाबून धरत. "पानी कुटं गेलं?"

"पाय हाय की तुमचा वर."

"मंग तिकडच्या झाडाला शिव्या का देतोस? झाड कंबर हाय. माजा बूट मानंत हाय. मणका सरकलाय, आत नळी दबलीया. मान बघायची, पाय मागनं."

इतकं स्वच्छ मला कॉलेजात चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पण सांगून झाल्यावर साहेबांकडे पुढे द्यायला काही नसे. ते शिंगराला थोपटत आणि म्हणत, "माफ करा, पाटील." शिंगरू परत जाई. पुढे त्याचं काय होई, ते विचारायची पद्धत नव्हती.

हे त्यांना सहन होत नव्हतं. मिरजेला तेव्हाही माणसांचे दवाखाने पुष्कळ. तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी माणसाच्या मानेचं ऑपरेशन केलं, हे साहेबांना कळलं: मान पुढून उघडायची, श्वासनलिका बाजूला सारायची, दोन मणक्यांच्या मधली दाबणारी चकती पोखरून काढायची आणि कंबरेच्या हाडाचा तुकडा तिथे ठोकून बसवायचा, म्हणजे दोन मणके एकजीव होतात आणि हलायचे थांबतात. साहेब सुट्टी टाकून मिरजेला गेले आणि त्या डॉक्टरांच्या मागे उभे राहून तीन ऑपरेशनं बघून आले. त्या डॉक्टरांनी पुढे खूप मदत केली. त्यांनी एकच शंका काढली: "अहो, माणसाला मी सांगतो, सहा आठवडे हलायचं नाही. घोड्याला कोण सांगणार?"

"घोडा ऐकतो," साहेब म्हणाले. "मानसाचंच मला आश्चर्य वाटतंय."

हाडाचा तुकडा भोकात किती घट्ट बसवायचा, हे ते सर्जनकडून शिकले नाहीत. ते मिरजेच्याच एका तंबोरे करणाऱ्या कारागिराकडून शिकले. त्याच्या ओट्यावर बसून ते खुंट्या बसवताना बघत. कारागीर सांगे, "सैल बसली तर सूर उतरतो साहेब, जास्त ठोकली तर दांडी तडकते. हाताला कळतं." त्यानेच साहेबांना गिरमिटाला एक पितळी कडं बसवून दिलं, म्हणजे टोक ठरल्यापेक्षा खोल जाणार नाही. त्या कड्याच्या पलीकडे मज्जारज्जू, घोड्याच्या शरीरातला सगळ्यात मऊ भाग असतो. तिथे टोक लागलं की संपलं.

सराव मेलेल्या घोड्यांवर. टांगेवाल्यांना हे ठाऊक झालं होतं. घोडा मेला की ते निरोप धाडत, "साहेब, मान ठिवलीया तुमच्यासाटी." खाटकाने ओळखीच्या गिऱ्हाइकाला तुकडा राखून ठेवावा तशी. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही अशा अकरा माना उघडल्या. तो वास माझ्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत टिकला. साहेब मेलेल्या घोड्याशीसुद्धा अहो-जाहोच करायचे.

आणि मग सोनबा आला.

माण तालुक्यातलं, म्हसवडच्या पलीकडचं एक गाव. तिथल्या देवाची घोडी होती आणि ती वंशपरंपरेने हौसाबाईच्या घरी होती. हौसाबाई पन्नाशीची, मेंढरांमागे आयुष्य गेलेली, उन्हाने काळवंडलेली बाई. घोडीला झालेलं तांबडं शिंगरू म्हणजे सोनबा. पुढे देवाचा मुखवटा त्याच्या पाठीवर मिरवायचा होता. वीस महिन्यांचं होऊन ते झोकांडायला लागलं. हौसाबाईने त्याला मेंढ्यांच्या ट्रकमधून सांगलीला आणलं. सोबत गावचे दोन पंच. त्यातल्या थोरल्याला सगळे आण्णा म्हणत.

आण्णांनी नियम सांगितला. देवाचं घोडं विकता येत नाही आणि मारताही येत नाही. पण देव पाठीवर असताना अडखळेल असं घोडं गावात ठेवणं अशुभ. म्हणून असं घोडं अवसेला माळावर नेऊन सोडायचं.

"मंग?" साहेबांनी विचारलं.

"मंग देव न्हेतो."

"लांडगं किती हायती तुमच्या माळावर?"

आण्णांनी टोपी सारखी केली. हौसाबाई म्हणाली, "लय हायती."

मला तेव्हा जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही. एखाद्याने पाप करावं, ठीक आहे, माणसं करतात. पण हात स्वच्छ राहतील अशी व्यवस्था करून, वर ती देवाच्या नावावर टाकावी, यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांची अक्कल लागते. आमच्या खात्याकडेही ती होती, हे मला पुढच्या महिन्यात कळलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांचं हलतं एक्स-रे यंत्र आणून सोनबाच्या मानेचे फोटो काढून दिले. तिसरा आणि चौथा मणका. साहेबांनी फोटो उजेडाकडे धरले. "मी करतो," ते म्हणाले. हौसाबाईला हे नीट समजावून सांगितलं: भूल दिल्यावर मरू शकतो, उठताना मरू शकतो, जगला तरी पुरता बरा होईलच असं नाही.

"माळावर काय हुतंय त्ये मला ठावं हाय," हौसाबाई म्हणाली. "तुमी करा."

सरकारी माणसाला परवानगी मागावी लागते. पहिलं उत्तर आलं: अर्ज विहित नमुन्यात नाही. दुसरं आलं: घोडा हे उत्पादक जनावर नसल्याने प्रस्तावाचा विचार करता येत नाही. तिसऱ्या वेळी उपसंचालक स्वतः आले, हसत. त्यांनी ही गोष्ट कुठेतरी वर बोलून दाखवली होती आणि ती तिथे आवडली होती. देवाचा घोडा, इतिहास, विज्ञान. मंत्रिमहोदय स्वतः येणार होते. मांडव, फीत, पाहुण्यांसमोर ऑपरेशनचा शुभारंभ. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती.

"शिंगरू तोवर आडवं हुईल," साहेब म्हणाले. सोनबा त्या आठवड्यात दोनदा पडला होता.

"तीन आठवडे थांबू शकत नाही का तो?"

"इचारतो," असं म्हणून साहेब खरोखरच उठून शेडकडे गेले. उपसंचालक आणि मी खिडकीतून बघत होतो. साहेबांनी सोनबाच्या कानाशी काहीतरी विचारलं, मान तिरकी करून ऐकलं आणि परत आले.

"न्हाई म्हनतो."

उपसंचालक गाडीत बसले. जाताना मला स्वागताचं भाषण लिहायला सांगून गेले. मी ते लिहिलं. पहिलं वाक्य वर दिलंच आहे.

साहेबांनी येत्या मंगळवारीच सकाळी ऑपरेशन करायचं ठरवलं, कोणालाही न कळवता. पण एक अडचण वेगळीच निघाली. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात आणि जुनी माणसं ते बघूनच घोडा घेतात. अमुक भोवरा मालकाला खातो, तमुक घर भरतो. त्या सगळ्यांत मोठा मानाचा भोवरा म्हणजे देवमण. तो गळ्यावर पुढच्या बाजूला असतो. तो असला की बाकीचे सगळे दोष माफ. सोनबाला देवमण होता, म्हणूनच तो देवाला पसंत पडला होता. आणि तो नेमका तिसऱ्या-चौथ्या मणक्यासमोर, सुरी जिथून जायची तिथेच होता.

साहेब या असल्या गोष्टींना शिव्या देणारे. पण हौसाबाईसाठी त्यांनी शेवटच्या दोन मेलेल्या मानांवर वळसा घालून छेद घ्यायचा सराव केला. जमत नव्हतं. वळसा घेतला की मोठी रक्तवाहिनी आडवी यायची. तरी सोमवारी संध्याकाळी ते सोनबाच्या गळ्यावर खडूने वाकडी रेघ काढत बसले होते, देवमणाला वळसा घालून. हौसाबाई शेजारी. पंचही आले होते.

"ही वाकडी का?" हौसाबाईने विचारलं.

साहेबांनी सांगितलं. वाकडीने धोका किती वाढतो, तेही सांगितलं.

आण्णा म्हणाले, "वाकडीच पायजे. देवमण कापला तर घोडं देवाचं ऱ्हानार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो, बाये."

"मंग कुनाचं ऱ्हाईल?"

"कुनाचं म्हंजे?"

"इचारतीया मी. देवाचं न्हाई, तर कुनाचं?"

"जो सांभाळील त्याचं," आण्णा चिडून म्हणाले.

"सांभाळतंय कोन?"

आण्णा दुसऱ्या पंचाकडे बघायला लागले. तो मांडवासाठी आणलेल्या कळकांकडे बघत होता.

हौसाबाईने पदराचं टोक ओलं केलं आणि खडूची वाकडी रेघ पुसून टाकली. "साहेब," ती म्हणाली, "सरळ कापा. मदोमद कापा."

साहेबांनी हातातला खडू खिशात टाकला.

मंगळवारी उजाडताच सोनबाला कडुनिंबाखाली आणलं. भुशाच्या पोत्यांची गादी केली होती. भूल मी दिली, शिरेतून. साहेब सोनबाला म्हणाले, "आता जरा आडवं व्हा, पाटील, आमी हाय." त्याला उताणा केला, दोन्ही बाजूंनी पोती लावली, आणि साहेबांनी देवमणाच्या बरोबर मधून छेद घेतला. सरळ. पुढचे तीन तास त्यांनी एकही शिवी दिली नाही, त्यावरून आम्हाला धोका कळत होता. कंबरेतून काढलेला हाडाचा तुकडा त्यांनी भोकाच्या तोंडाशी ठेवला, ठोकला, थांबले, बोटाने दाबून पाहिला, आणखी एकदा ठोकला. "बसली खुंटी," म्हणाले.

खरी भीती उठतानाची होती. शुद्धीवर येताना घोडा धडपडतो आणि नवी बसवलेली मान मोडून घेतो. हौसाबाई सोनबाच्या डोक्याशी बसली, त्याचं मस्तक मांडीवर घेऊन. दीड तास ती मेंढरांना बोलावायचा तो आवाज काढत होती, जिभेने, हळू. तो एकदा धडपडला. तिने कानाला धरून "गप रं सोन्या" म्हटलं आणि तो गप पडला. दुसऱ्या खेपेला उभा राहिला. पाय लटपटत होते. आधीही लटपटत होतेच.

त्याची वैरणीची गव्हाण छातीइतकी उंच केली, म्हणजे मान वाकवावी लागू नये. हौसाबाई तिथेच शेडमध्ये राहिली.

ठरल्या दिवशी मंत्रिमहोदय आले, कारण तारीख दिलेली होती. उपसंचालक तासभर आधी येऊन सोनबाला बघून गेले. गळा सुजलेला, केस काढलेले, टाक्यांवर पिवळं औषध, कंबरेला दुसरी जखम. खिंकाळायला गेला की घोगरा आवाज. "हा फोटोत चालणार नाही," ते म्हणाले. बँडवाल्याकडचा वरातीचा पांढरा घोडा मागवला. त्याच्या निरोगी गळ्याला बँडेज बांधायचं ठरलं.

ते बँडेज मी बांधलं. नकार दिला असता तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. फारसं काही झालं नसतं. दुसऱ्या कोणीतरी बांधलं असतं. हे समाधान पुरतं असं मला वाटायचं ते वय होतं.

मंत्रिमहोदयांनी पांढऱ्या घोड्याला गूळ चारला, बँडेजवरून हात फिरवला, इतिहास घोड्याच्या पाठीवर बसून कसा आला ते सांगितलं. टाळ्या झाल्या. साहेब मांडवात नव्हते. सगळे गेल्यावर ते शेडमधून आले, पांढऱ्या घोड्याच्या गळ्याकडे वाकून पाहिलं.

"गाठ उलटी बांधलीस," मला म्हणाले. "अर्ध्या तासात सोडवील ह्ये."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात दोन कागद आले. एकात खात्याच्या या यशाबद्दल उपसंचालकांचं अभिनंदन होतं. दुसऱ्यात परवानगीशिवाय शस्त्रक्रिया केल्याबद्दल साहेबांकडून खुलासा मागितला होता. दोन्हीकडे एकाच यंत्राचं टंकलेखन होतं; 'श' दोन्हीकडे अर्धवट उमटला होता. दोन्ही कागदांत ऑपरेशन एकच होतं याचं तिथे कोणाला काही वाटलं नसावं. साहेबांनी खुलासा एका ओळीत लिहिला: "घोडा थांबायला तयार नव्हता." त्यांची बदली माणदेशातल्या एका मेंढीपालन केंद्रावर झाली.

जाण्याआधी त्यांनी ऑपरेशनची सगळी हकीगत चित्रांसह लिहून, कुठल्या तरी नियतकालिकाकडे पाठवावी म्हणून खात्याकडे दिली. ती पुढे गेली नाही. ती कोणत्या कपाटात होती ते मला माहीत होतं. मी ती काढून स्वतः टपालात टाकू शकलो असतो. चारेक वर्षांनी एका परदेशी मासिकात तिकडच्या डॉक्टरांनी घोड्याच्या मानेवर हेच ऑपरेशन केल्याचं आलं, नवीन म्हणून. मी ते घेऊन मेंढीपालन केंद्रावर गेलो. साहेबांनी चष्मा लावून चित्रं पाहिली, सावकाश.

"छेद सरळ हाय त्यांचा," म्हणाले, आणि मासिक परत दिलं. बाहेर एक मेंढी लंगडत होती. तिला म्हणाले, "आलो, आक्कासाहेब."

ते गेले तेव्हा खात्याने शोकसभा घेतली. तोवर निवृत्त झालेले उपसंचालक मुख्य वक्ते होते. साहेबांनी विज्ञानाच्या बळावर एका देवाच्या घोड्याला पुन्हा देवाच्या सेवेत उभं केलं, असं ते म्हणाले. सभेने दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. मीही पाळली.

सोनबा देवाच्या सेवेत परत कधीच गेला नाही. तो पंधरा वर्षं हौसाबाईच्या घरचं पिण्याचं पाणी वाहत होता. त्याचे मागचे पाय शेवटपर्यंत थोडे हेलकावतच राहिले, त्यामुळे विहिरीपासून घरी येईपर्यंत घागरींतलं निम्मं पाणी सांडायचं.